फिनलंडचे आजोबा

"सगळ्यांचे फोन या डब्यात," शरदिनीताई म्हणाल्या आणि आधी स्वतःचाच फोन बंद करून त्यांनी डब्यात टाकला. "आज फोन नाही, इंटरनेट नाही. आपण आणि आपला रेडिओ."

स्काउट-गाइडच्या पथकातली मुलं कुरकुरत पुढे झाली. काशीच्या पंचगंगा घाटावरच्या त्या गच्चीत गेले काही रविवार हाच कार्यक्रम चालला होता. ताईंकडे हौशी रेडिओचा सरकारी परवाना होता. त्या मुलांना सेटसमोर बसवायच्या, मुलं जगाला हाका मारायची आणि जग ढिम्म गप्प बसायचं. सेट चांगला होता. एरियलच्या तारेचं मात्र काही सांगता येत नव्हतं, कारण ती मुलांनीच तयार केली होती. मैत्रेयीने बोट भाजून घेत सोल्डरिंग केलं होतं, यज्ञेशने बांबू उभे केले होते आणि माकडांनी तार एकदा खाली ओढल्यावर सगळ्यांनी मिळून ती पुन्हा चढवली होती.

"व्हॉट्सॲप कॉलच कर लेते ना, ताई," असं गेल्या रविवारी कुणीतरी म्हणालं आणि सगळे फिदीफिदी हसले. ते हसणं ताईंच्या जिव्हारी लागलं. आणखी एक रविवार असा गेला तर पथक गच्चीकडे फिरकणार नाही, हे त्यांना कळून चुकलं. मैत्रेयी तर घरी जाऊन रडली होती.

म्हणून त्यांनी गंगेपलीकडच्या रामनगरच्या निनादला गळ घातली. निनाद बँकेत होता, त्याच्याकडेही परवाना होता, सेट होता. शिवाय मंडळाच्या गणेशोत्सवात तो नाटकं करायचा, आणि नको तिथेही रडून भाव खाऊन जायचा.

"रविवारी चारला मुलं हाक मारतील. तू परदेशी बनून उत्तर दे. देश तुझा तू ठरव."

"ताई, हवेवर? खोट्या नावाने?" निनाद चपापला होता.

"एकदाच रे. मुलांसाठी."

रेडिओवर खोटं नाव कधीही सांगायचं नाही, हा पहिला नियम ताईंनी मुलांकडून घोकून घेतला होता. आता यज्ञेश माइक धरून, तोच नियम पाळत, ताईंच्या परवान्यावरचा ओळखसंकेत खणखणीत आवाजात सांगत होता. त्याच्याकडे बघायची ताईंना लाज वाटत होती.

चार वाजून गेले आणि खरखरीतून आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, इंग्रजी, एकेक शब्द वेचून बोललेला. त्याने आपला संकेत दोनदा सांगितला. फिनलंड.

मुलांनी गच्ची डोक्यावर घेतली. "आपली तार चालली!" मैत्रेयी ओरडली आणि तिने यज्ञेशच्या पाठीत धपाटाच घातला.

निनाद पठ्ठ्याने तयारी तर चोख केली होती, ताईंच्या मनात आलं. आवाज मध्येच बुडायचा, मध्येच वर यायचा. पॉवरही इतकी कमी ठेवली होती की सेटवरचा काटा जेमतेम हलत होता. ताईंनी नोंद करायला पेन उघडलं आणि तसंच बंद केलं. खोटं बोलायला लावलं तेवढं पुरे झालं, निदान लिहायला तरी नको.

"तुम्हाला तिथून काय दिसतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"रिव्हर. बोट. मेनी मंकी," यज्ञेश म्हणाला.

म्हातारा खळखळून हसला. मग जरा थांबून म्हणाला, "हा सेट मी आणि माझी बायको मिळून चालवायचो. ती गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. आज लावला आणि तुम्ही भेटलात. तुमच्या भाषेत बोला ना काहीतरी. मुलं भेटली की ती नेहमी हेच सांगायची."

मैत्रेयीने यज्ञेशच्या हातून माइक घेतला. "आजोबा, तुम्ही एकटं वाटून घेऊ नका," ती मराठीत म्हणाली. "आम्ही दर रविवारी बोलू." तिचा आवाज भरून आला होता.

पलीकडे नुसती खरखर. मग एक हुंदका.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेली बायको! पोरांना रडवायला याला हेच सुचलं? त्यांनी माइक हिसकावला.

"निनाद, बंद कर हे नाटक! लाज कशी वाटत नाही तुला?"

पलीकडचा आवाज गोंधळून काहीतरी विचारू लागला. ताईंनी सेट बंद केला.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "ते फिनलंड नव्हतं," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "रामनगरचा निनाददादा होता. मीच त्याला सांगितलं होतं. चुकलं माझं."

यज्ञेश म्हणाला, "पण ताई, झूठ नहीं बोलना, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"म्हणजे आपली तार चाललीच नाही," मैत्रेयी म्हणाली. मैत्रेयी उठली, तिने बांबूवरची तार सोडली, गुंडाळली आणि कोपऱ्यात टाकून दिली. डब्यातून आपापले फोन घेऊन मुलं जिना उतरली. "येतो, ताई" असं एकानेही म्हटलं नाही.

शरदिनीताई कठड्याला टेकून बसून राहिल्या. शरमेने जीव नकोसा झाला होता. तरी मनाला एक आधार होता, की उशिरा का होईना, आपण मुलांशी खरं बोललो.

जिन्यात पावलं वाजली. निनाद धापा टाकत वर आला.

"ताई, माफ करा! किती फोन केले, तुमचा बंदच. रामनगरला सकाळपासून बिजली गुल, माझा सेट सुरूच झाला नाही." त्याने रिकाम्या गच्चीभर नजर फिरवली. "गेली वाटतं मुलं. आजही कुणीच उत्तर दिलं नाही ना?"