तिळाची जागा

स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढून फोटोग्राफर कॉम्प्युटरसमोर बसला होता. शेजारी स्टुलावर त्याची मुलगी. तिची आई जाऊन चार दिवस झाले होते. उद्या सकाळी माणसं भेटायला येणार, त्याआधी भिंतीवर फोटो हवा होता.

पहिल्या प्रोग्रॅममध्ये त्याने कॅमेऱ्यातली रॉ फाइल, म्हणजे हात न लावलेला मूळ फोटो, उघडली. हॉस्पिटलच्या खिडकीपाशी बसून बायको हसत होती. नाकात ऑक्सिजनची नळी, दोन्ही गालांवर चिकटपट्ट्या. त्याने उजेड थोडा वाढवला, चेहऱ्यावरची निळसर झाक घालवली. कुठल्याही गिऱ्हाइकाच्या फोटोवर चालावा तसा हात चालत होता.

"यातच नळी घालवता येत नाही का?" मुलीने विचारलं.

"हा नुसता धुतो. रफू करणारा दुसरा."

त्याने फोटो दुसऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवला. नळी गेली. पट्ट्या गेल्या. त्यांच्याखालचं काही फोटोत नव्हतंच, म्हणून शेजारची कातडी उचलून त्याने तिथे बसवली. सांधा कुठे दिसेना.

"झालं."

मुलगी बघत राहिली. "बाबा, आईचा तीळ?"

तो पहिल्या प्रोग्रॅममध्ये परत गेला. मूळ फाइल होती तशीच होती. नळी, पट्ट्या, हसू. तीळ पट्टीखाली होता.

"मग एक ठिपका द्या. त्यात काय एवढं?"

त्याने बारीक ब्रश घेतला. गालावर नेला. थोडा खाली आणला. पुन्हा वर.

"इथे ना?"

"इतका वर नव्हता हो. ओठाच्या... थांबा. जुना फोटो बघू."

जुने फोटो पुष्कळ होते. सहलीचे, वाढदिवसाचे, स्टुडिओतल्या निळ्या पडद्यापुढचे. एकातही तीळ नव्हता. सगळीकडे गाल स्वच्छ, गुळगुळीत.

"हे कुणी पुसलं?"

"मीच. सगळ्यांचेच पुसतो."

"आणि मूळ फाइली?"

"जागा खातात. उडवल्या."

मुलीने आपला फोन चाळून पाहिला. फोन तर न सांगताच चेहरे साफ करत होता.

"आई काही म्हणायची नाही?"

"म्हणायची. राहू द्या हो, तो माझाच आहे, म्हणायची." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "मला वाटायचं, गंमत करतेय."

फ्रेमवाल्याचा फोन आला. "दादा, काच कापून बसलोय. पाठवताय ना? घाई नाही, पण सहाला बंद करतो."

"पाठवतो."

ब्रश पुन्हा गालावर फिरू लागला. एक ठिपका उमटला. ती कुणीतरी दुसरीच बाई दिसायला लागली. त्याने तो पुसला. दुसरा दिला. तोही पुसला.

"मोठा करा फोटो," मुलगी म्हणाली. "अजून. अजून थोडा. आईएवढा."

चेहरा पडदाभर झाला. मुलगी स्टूल ओढून पुढे सरकली. तिने तळहात पडद्यावर आईच्या हनुवटीखाली टेकवला आणि डोळे मिटले.

"लहानपणी मी त्यावर बोट ठेवूनच झोपायचे," ती म्हणाली.

तिचं बोट काचेवरून सावकाश वर गेलं. जरा बाजूला वळलं आणि थांबलं.

"इथे."

त्याने ब्रश बोटाच्या टोकापाशी आणला.

"द्या ना ठिपका," ती डोळे न उघडता म्हणाली.

"देतो. बोट उचल."

तिने बोट उचललं नाही.