एवढीशी रेघ

तावेउनी बेटावरच्या कोर्टात अकानिसीबाई निवृत्त होणार होत्या आणि लितिआना त्यांच्या हाताखाली लघुलेखन शिकत होती. जामीन, फिर्यादी, उलटतपासणी, सगळ्यांच्या खुणा तिला पाठ झाल्या होत्या. आज बाईंनी नखाएवढी एक रेघ काढली.

“‘मला कुणी मारलं नाही, मीच पडले,’ याची ही खूण.”

“एवढ्या वाक्याला एवढीशीच?”

“साक्षीला आलेल्या बायका रोज हेच म्हणतात. शिकून ठेव, पोरी.”

“मी नाही शिकणार. उद्या माझ्या ताईची साक्ष आहे. ती खरं तेच सांगणार, शब्द दिलाय तिनं मला.” लितिआनानं वही मिटली. “कुणी काढली हो असली रेघ?”

“मीच,” बाई म्हणाल्या. “माझ्या बहिणीची साक्ष टिपताना पुरं वाक्य हातून लिहवेना.”