किल्लीचं घुंगरू

पहिलीच गाडी घेणारी नवशिकी गिऱ्हाइकं त्या सेल्समनने पायलीची पन्नास पाहिली होती. पाय जमिनीला टेकतात का आणि ॲव्हरेज किती, यापलीकडे त्यांचे प्रश्न जात नसत. ही बाई मात्र एकाही मोटारसायकलवर बसली नाही. नवरा बाहेर फोनवर बोलत होता, तेवढ्यात तिने एकेक बंद गाडी हाताने ढकलत शोरूमच्या दारापर्यंत नेऊन पाहिली.

"ताई, गाडी चालवायला घेताय की ढकलायला?" सेल्समन हसला.

ती हसली नाही. "मागे वजन ठेवता का? दोन मुलांएवढं."

त्याने कोपऱ्यातले ऑइलचे दोन मोठे कॅन सीटवर बांधून दिले. चौथी गाडी तिने कशीबशी दारापर्यंत रेटली. "हीच घेते," ती धापा टाकत म्हणाली.

"अहो, पण सुरू करून तरी बघा. आवाज ऐका तिचा!"

तिने काचेतून बाहेर नवऱ्याकडे पाहिलं. "सुरू गल्लीच्या टोकाला गेल्यावर करीन. तोवर हे जागे व्हायला नकोत."

सेल्समनने भराभर कॅन उतरवले.

नवरा आत आला. "झाली का पसंत? हिला काय कळतंय, नुसता रंग बघितला असेल."

"अगदी बरोबर, साहेब. रंगावरच भाळल्या ताई," सेल्समन म्हणाला, आणि शोरूमची भेट म्हणून किल्लीला लावलेलं घुंगरू त्याने हळूच काढून खिशात टाकलं.