उकंडरावांना काय धाड भरली

“मले काय धाड भरली? दगड खाल्ला तं दगड पचवतो मी,” उकंडराव म्हणाले, आणि ताटात दगड नसल्यामुळं त्यांनी आणखी एक भाकर ओढली.

झुंबरबाई चुलीपुढं घोंगडी पांघरून बसली होती. बाहेर चैताचं ऊन असं, की अंगणात पापड भाजून निघावा. हिला मात्र थंडी. वर्षभरात गळ्याला पेरूएवढी गाठ आली होती. तोंड सुजलं होतं. आवाज इतका घोगरा झाला होता, की तिनं हाक मारली तर पाटील आला समजून शेजारी दारामागं लपायचे. भाकर थापता थापता ती पेंगायची. उकंडरावांच्या मते हा सगळा आळस होता, आणि आळशी बायकोवर दवा एकच. दुसरी बायको.

दवा त्यांनी हेरूनही ठेवली होती. जानेफळच्या किसनरावाची विधवा बहीण, मंजुळाबाई. तिच्याशी पाट लावायचा. दर आठवड्याला दमणी जुंपून स्वारी जानेफळला निघे. तिथं मंजुळाबाई बैलांपुढं सरकीची पाटी ठेवी आणि पाहुण्यापुढं चहा.

चहा जास्त करून धोतरावरच सांडे. हात थरथरायचा. “जवानी उसळून राह्यली,” उकंडराव सांगत. दोघांचं जेवण एकटे जेवून ते तुरीच्या काडीसारखे झाले होते. डोळे बेडकासारखे वर आले होते. पुसाच्या थंडीत ते उघड्या अंगानं घाम पुसत हिंडले. परवा मिशी नीट करायला बसले, कातर हलली आणि डावी बाजू गेली. उजवी तिच्याशी जुळवता जुळवता तीही गेली. दोष कातरीचा.

“झालं जेवून?” झुंबरबाई म्हणाली. “आता ऐका. बुलडाण्याहून डिप्टी कमिशनर उठून आला तरी मी सवत घरात घेत नाई. पण मेहकरच्या सरकारी डाक्टरनं माह्या तोंडावर सांगू द्या, का ही बाई कामातून गेली. मंग मीच तिले कुंकू लावून घरात आणीन.”

“चाल मंग. उद्याच चाल.”

“अन् त्यानं तुमचंच काई सांगतलं तं?”

“मले काय धाड भरली वं?”

दवाखान्यात शिरल्या शिरल्या उकंडरावांनी बायकोला पुढं केलं. “साहेब, हे पाहा. बिनकामाची झाली. तुमी फक्त सांगा, का हे सुधरत नाई.”

डाक्टर नागपूरकडून नवाच बदलून आलेला होता. त्यानं झुंबरबाईचा गळा चाचपला, नाडी धरली.

“घोंगडी कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

त्यानं मान हलवली. मग त्याची नजर उकंडरावांवर गेली आणि तिथंच राहिली.

“तुम्ही हात पुढं करा. बोटं पसरा.”

त्यानं पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा फडफडला आणि झुंबरबाईच्या मांडीवर येऊन पडला.

“आडवे व्हा.”

“मी? रोगी ते हाये, साहेब.”

“तुम्हीही आहात. माणसाच्या गळ्यात एक चूल असते असं समजा. यांची विझत आलीय. गोळ्या देतो, रोज घेतल्या की पेटेल. तुमची भडकलीय. काळीज कसं उडतंय, बघा. औषध घेऊन पडून राहिलात तर ठीक. नाहीतर नागपूरला जाऊन गळा चिरून घ्यावा लागेल.”

झुंबरबाईनं घोंगडीतून तोंड काढलं. “साहेब, यायले पाट लावाचा होता. जमते का?”

डाक्टरनं कानातली नळी काढली. “बाई, यांना सध्या विहिरीचं पाणीसुद्धा शेंदू देऊ नका.”

उकंडराव भांडायला उठले. काळीज अजून उडालं, तसे पुन्हा आडवे झाले. डाक्टरनं त्यांना तिथंच झोपेचं औषध पाजलं.

परतताना कासरा झुंबरबाईच्या हातात होता. जन्मात पहिल्यांदा. ती पाटलिणीसारखी ताठ बसली होती. मागं उकंडराव पाय लांब सोडून घोरत होते. वडाच्या फाट्यावर गावची वाट उजवीकडं जाते. तिथवर झुंबरबाई जागी होती. नेमकी तिथं पेंगली. गोळ्या अजून पुडीतच होत्या. बैलांना कोणी काही सांगितलं नाही, म्हणून ते सरकीकडं वळले.

झुंबरबाईनं डोळे उघडले तर जानेफळ, किसनरावाचं अंगण. मंजुळाबाई समोर उभी. दवाखान्याची गोष्ट उकंडरावांनी आदल्या दिवशीच निरोप धाडून साऱ्या जानेफळाला कळवली होती.

“काय म्हणे डाक्टर?”

झुंबरबाई खाली उतरली. घोंगडी सावरून दमणीच्या मागं गेली. “मी सुधरतो म्हणे. अन् याले निजवून ठेवा, चारा, पाजा, अंग पुसा. तुले पाह्यजे होता ना माय? घे. दारात आणून देला. बैल अन् दमणी तेवढी मी नेतो.”

मंजुळाबाईनं वाकून पाहिलं. मिशी नाही. तोंड उघडं. कपाळावर घाम.

“एक रोगी नवरा पोचवला मीनं, बाई,” ती म्हणाली. “हा धट्टाकट्टा हाये म्हणून हो म्हटलं होतं. तुहा तू ने.”

“मले नाई जमत सध्या. माह्या गोळ्या सुरू होऊन राह्यल्या.”

तेवढ्यात बैलांना ओसरीवरची सरकीची पाटी दिसली. त्यांनी हिसका दिला. दमणी पुढं गेली, आणि उकंडराव मागच्या मागं घसरून दोघींच्या मधोमध, ताज्या शेणात पडले. घोरणं थांबलं नाही. दोघींपैकी कोणी वाकलंही नाही.