दाराच्या आतून

माझी कोरोनाची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि मला मागच्या खोलीत एकटं राहावं लागलं. नात पंधरा वर्षांची. ही साथ यायच्या आधीपासूनच तिच्या जिवाला सारखा घोर. बाहेर पडताना गॅस तीनदा बघायची, कुलूप चारदा ओढायची. घरात तिचं नावच ‘इन्स्पेक्टर’ पडलं होतं. आता ती दर अर्ध्या तासाने माझं दार वाजवायची.

“आजोबा, श्वास घेताय ना?”

“घेतोय गं बाई. त्याशिवाय बोलतोय का?”

“मग ठीक.”

तिसऱ्या दिवशी सूनबाईंचा पारा चढला. “अगं, असं कुणी करतं का? आज दुपारभर दाराला हात लावायचा नाही. कळलं?”

“बरं,” ती बाहेर पुटपुटली.

मी पुस्तक उघडलं. तीन वाजले, चार वाजले. मी तीच ओळ पुन्हापुन्हा वाचत होतो. हळूहळू मला माझाच श्वास मोठ्याने ऐकू यायला लागला. शेवटी न राहवून उठलो आणि दार आतून वाजवलं.

ती बाहेर दाराला टेकूनच बसली असावी. लगेच म्हणाली, “काय झालं आजोबा?”

“काही नाही गं. बराच वेळ तू विचारलं नाहीस, म्हणून छातीत धडधडायला लागलं.”

ती दाराच्या फटीजवळ सरकली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “तुम्हालापण होतं असं?”

आजवर हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“तुझ्याएवढा होतो तेव्हापासून.”