सतरावी ओळ

झोळीच्या वजनकाट्यावर माझी लेक रडायला लागली, तशा अंगणवाडीच्या ताई हसल्या. "आता कळलं ना मॅडम, बायांचा जीव कसा वरखाली होतो ते?"

माझ्या प्रबंधात बाळांचे दोन गट होते: तीन महिने नाचणीचे लाडू खाणारी तीस आणि न खाणारी तीस. लाडवांच्या गटाची सरासरी वजनवाढ जास्त होती, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल, असं संख्याशास्त्राची टी-चाचणी म्हणत होती. लाडू खाऊनही वजन घटलेलं बाळ एकच, तक्त्यातल्या सतराव्या ओळीतलं. परवा लेकीच्या दुपारच्या झोपेत मी ती ओळ काढून टाकली. शेरा लिहिला, 'वजन नीट घेतलेलं नाही.' लगेच फरक सिद्ध झाला.

आज ताईंना प्रबंध पुरा झाल्याचे पेढे द्यायला आले होते. तेवढ्यात एक बाई कडेवरची बारीकशी पोर सावरत पुढे आली. "मॅडम, आमची ईश्वरी आली का तुमच्या पुस्तकात? लाडू अंगी लागला नाही तिच्या, पण एक वजन चुकवलं नाही. तापातसुद्धा आणली. ताईंनी दोनदा मोजली."

सतरावी ओळ माझ्याकडे बघून हसली.

तिथेच लॅपटॉप उघडून मी ओळ परत लिहिली. फरक पुन्हा सिद्ध होईना.

"ही बघा ईश्वरी. परवा मीच काढली होती."

"आजारी होती म्हणून?" तिनं समजुतीनं विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले. "मला पदवी हवी होती म्हणून."