इंजिन काढलेली गाडी

सिएनफुएगोस शहरातल्या एवेलिओची टॅक्सी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी होती. ती ठेवायची की विकून दुसरी घ्यायची, यावरून घरात रोज सकाळी कॉफीसोबत भांडणही उकळायचं. गेले तीन आठवडे बॉनेटखालून ठकठक आवाज येत होता. मेकॅनिक फर्मीनने कार्बुरेटर बदलला, पिस्टन बदलले, तरी आवाज तसाच. शेवटी वैतागून त्याने अख्खं इंजिनच काढून अंगणात ठेवलं.

त्या दुपारी एवेलिओ गाडीपाशी उभा असताना त्याची बायको ओब्दुलिया तावातावाने आली, गाडीत बसली आणि तिने दार आपटलं.

"आज काय तो निकाल लाव! या खटाऱ्यावर टाकतोस त्याच्या निम्मा जीव माझ्यावर टाकला असतास, तर..."

ठक. ठक. ठक.

"पुन्हा तेच!" ओब्दुलिया आतूनच ओरडली. "फर्मीन, अरे तीन आठवडे तू दुरुस्त तरी काय केलंस?"

 फर्मीन अंगणात, गार पडलेल्या इंजिनाजवळ उकिडवा बसला होता. एवेलिओ उघड्या बॉनेटखाली वाकला. आत काहीच नव्हतं. थेट खालची माती दिसत होती. आवाज मात्र त्याच्या हनुवटीखालूनच येत होता.

"विकतो!" तो ओरडला. "उद्याच विकतो! झालं समाधान?"

आवाज थांबला.

मग चारही दारांच्या लॉकची बटणं एकामागून एक खाली बसली.

"एवेलिओ, पुरे झाला हा चावटपणा," आतून बटण वर ओढत ओब्दुलिया म्हणाली. "उघड आधी!"

एवेलिओचे दोन्ही तेलकट हात अजून बॉनेटवरच होते.